ताफ्यातली शेवटून दुसरी गाडी

मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं आणि दुसऱ्याच्या चुकांवर आपण ब्रेक दाबायचा, हा माझा धंदा. माझ्या तोंडाला ब्रेक नाही असं माझा नवरा म्हणतो. असेलही. आहे तो सगळा पायात गेला असेल.

या धंद्याबद्दल घरात एकाच माणसाला आदर आहे, माझ्या सासऱ्यांना. मामंजी लढाईत लष्करी ताफ्यावर ड्रायव्हर होते. घाटातून आघाडीवर सामान पोचवणारा ताफा, आणि त्यात मामंजींकडे पाण्याची गाडी. दारूगोळा उशिरा पोचला तर माणसं शिव्या देतात, पाणी उशिरा पोचलं तर शिव्या द्यायलाही घसा राहत नाही, एवढंच ते त्या दिवसांबद्दल बोलायचे. बाकी सगळं मूग गिळून गप्प. सवयी मात्र गेल्या नव्हत्या. गच्चीवरची टाकी, तेलाचा डबा, सिलेंडर, चहाची किटली, जे हाताला लागेल त्याला मधल्या बोटानं टिचकी मारायची, डावा कान लावायचा आणि आत किती उरलंय ते सांगायचं. सांगतात ते बरोबर निघतं, हा आणखी वैताग. नवरा म्हणाला, एक दिवस माझ्या डोक्यालाही मारतील. मी म्हटलं, मारू देत, आवाज कसा येतो ते मलाही ऐकायचंय.

त्या लढाईवर गेलेल्या प्रत्येकाला तीन पदकं मिळाली होती. मामंजींना एकही मिळालं नव्हतं. लढाई संपायच्या थोडं आधी त्यांची गाडी सुरुंगावर गेली आणि दरीत कोसळली. भलत्याच तुकडीच्या माणसांनी त्यांना उचललं, भलत्याच इस्पितळात नेलं, आणि ते चालायला लागले तेव्हा लढाई संपली होती, ताफा मोडला होता, पदकं वाटून झाली होती. तुमची घरी येतील, असं कुणीतरी सांगितलं. ती काही आली नाहीत. मग मामंजींचं लग्न झालं, माझा नवरा झाला, नोकरी झाली, निवृत्ती झाली. मागून घेतलं तर ते पदक कसलं, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवून टाकला होता.

आमच्या शहरात दर वर्षी माजी सैनिकांचं संचलन निघतं. मामंजी त्या दिवशी हटकून घरात बसायचे आणि बंद पडलेलं काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचे. गेल्या वर्षी काय वाटलं कुणास ठाऊक, सकाळी कोट घालून तयार झाले. आम्ही सगळे गेलो. मामंजी वाहतूक दलाच्या फलकामागे रांगेत जाऊन उभे राहिले, आणि मी इतक्या लांबूनही बघितलं की त्यांची मान एकदम ताठ झाली होती. तेवढ्यात हातात दोरी घेतलेला एक स्वयंसेवक त्यांच्याजवळ आला. पोरगा उद्धट नव्हता, उद्धट असता तर बरं झालं असतं. त्यानं मामंजींच्या रिकाम्या छातीकडे बघितलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, आजोबा, तुमचे कोण चालतायत? नातेवाइकांची बसायची जागा तिकडे आहे. आणि हाताला धरून त्यांना आमच्याशेजारी आणून बसवलं. खुर्चीसुद्धा पुसून दिली.

मामंजी सगळं संचलन बघत बसले. टाळ्याही वाजवल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर आठवड्यानं मी ड्रायव्हिंग स्कूलच्या पावत्या लिहीत होते, तर ते समोर येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले. माझ्या गाडीचा क्लच घासतोय हे सांगितलं. मला कळलं की ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार चाललाय. शेवटी म्हणाले, "सूनबाई, एक अर्ज लिहायचा आहे. मला ती पदकं हवी आहेत. पेटीत ठेवायला नकोत. मला एकदा माझ्या जागेवरून चालायचंय, बस."

नवऱ्याचं म्हणणं पडलं की म्हातारपणी हे नसते उद्योग कशाला, नाही म्हणाले तर बाबांना सोसायचं नाही.  सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा लढाई होऊन गेली होती, त्यामुळे लष्करातले मामंजी त्यांनी पाहिलेच नव्हते. मी अर्ज लिहिला, मामंजींनी सही केली, आणि आम्ही वाट बघायला लागलो.

पदकांच्या कचेरीत जी बाई होती ती खरोखर मदत करणारी होती, हे सांगायला हवं, कारण पुढं मी बऱ्याच जणांना बोलणार आहे. चष्मा कपाळावर ढकलून तिनं सगळी फाइल मला समजावून सांगितली. ताफ्याची कागदपत्रं ज्या गाडीत होती ती गाडीच लढाईत जळाली. मामंजी इस्पितळात होते एवढं कागदावर होतं, ते कुठून तिथं आले हे कुठंच नव्हतं. अशा वेळी नियम असा की त्याच ताफ्यातल्या, पदकं मिळालेल्या माणसानं अर्जदाराची ओळख पटवायची. तसा हयात असलेला एकच ड्रायव्हर कचेरीला ठाऊक होता. त्याला त्यांनी मामंजींचं नाव आणि अर्जावरचा फोटो पाठवला होता. आता उत्तर आलं की झालं, असं ती म्हणाली.

उत्तर आलं. साक्षीदारानं सहीनिशी कळवलं होतं की या नावाचा माणूस ताफ्यात कधीही नव्हता. अर्ज नामंजूर. हरकत असल्यास महिन्याभरात सुनावणी मागता येईल.

मी ते पत्र मामंजींना वाचून दाखवलं, कारण चष्मा शोधायच्या निमित्तानं ते आत गेले असते आणि तिथंच राहिले असते. त्यांनी साक्षीदाराचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणाले, हा कोण? असा कुणी माणूस आमच्या ताफ्यात नव्हताच. भामटा असणार. लढाईनंतर असे पुष्कळ घुसले. म्हणजे बघा, तो म्हणतो हे नव्हते आणि हे म्हणतात तो नव्हता. मी म्हटलं, मग सुनावणी मागू आणि त्याला उघडा पाडू. पण मामंजींच्या आवाजातला जोर तेवढ्यापुरताच होता. दुपारी सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या की त्यांनी कोट कुणाला तरी देऊन टाकायला सांगितलाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देऊन काय टाका? मी सुनावणीचा अर्ज त्याच दिवशी दिला. साक्षीदाराचा पत्ता त्या पत्राच्या खालीच होता. दुसऱ्या दिवशी शिकाऊंना सुट्टी सांगितली आणि घरी कुणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी काढून त्या गावाला गेले. टपावर शिकाऊ गाडीची भलीमोठी पाटी तशीच होती, त्यामुळे वाटेतल्या सगळ्या ट्रकनी मला घाबरून जागा दिली.

साक्षीदार त्याच्या मुलीच्या चपला-बुटांच्या दुकानात भेटला. दाराशी बुटक्या स्टुलावर एक आडदांड म्हातारा बसला होता आणि एका रडणाऱ्या मुलाच्या पायात बूट चढवत होता. आवाज असा की तो मुलाला गोंजारत होता आणि समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघत होती. मी कोण आणि कशाला आले ते सांगितलं. त्यानं बूट घातला, नाडी बांधली, मुलाला आईकडे सोपवलं आणि मगच माझ्याकडे वळला.

तो म्हणाला की त्याच्या ताफ्यातली माणसं मेली आहेत आणि मेलेल्यांच्या जिवावर कुणी पदकं मिळवायला आलं तर तो सही करणार नाही. मी म्हटलं, माझे सासरे त्या ताफ्यात होते. त्यानं विचारलं, कुठल्या गाडीवर? मी सांगितलं, पाण्याच्या.

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "पाण्याची गाडी माझ्या पुढे असायची, बाई. ती माझ्या डोळ्यांदेखत दरीत गेली. तिच्या ड्रायव्हरसकट. तुझा सासरा मेलेल्या माणसाच्या जागेवर बसायला निघालाय, आणि तू त्याची वकिली करायला इथवर आलीस?"

  सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मनात आलंही, की खरंच का मामंजी? मग त्या विचाराचाच इतका संताप आला की मी भर दुकानात सुरू झाले. माझा सासरा लबाड नाही, म्हटलं. विक्षिप्त आहे. हट्टी आहे. आमचं डोकं पिकवतो. घरातलं एक भांडं सोडत नाही, दिसेल त्याला टिचकी मारतो आणि आत किती आहे ते सांगतो, पाहुण्यांच्या घरी जाऊन त्यांच्या टाकीला मारून येतो, पण दुसऱ्याचं घ्यायचं त्याला जन्मात जमलेलं नाही. स्वतःचं मागायलासुद्धा त्याला म्हातारपण यावं लागलं.

म्हातारा स्टुलावरून उठायला गेला आणि परत बसला. "कुठल्या बोटानं मारतो?"

"मधल्या."

"आणि कान?"

"डावा लावतात."

त्यानं दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं होतं. इतका वेळ त्या आवाजानं दुकान भरलं होतं, तो आता मला वाकून ऐकावा लागला. "टिचक्या," तो म्हणाला. "टिचक्या जिवंत आहे?"

मग त्यानं सांगितलं ते असं. त्यांच्या ताफ्यात कुणी कुणाला खऱ्या नावानं हाक मारत नसे. खरं नाव सांगायचंही नाही आणि विचारायचंही नाही, असा नेमच होता. खरं नाव फक्त घरी बातमी पाठवताना लागतं, तेव्हा ते ओठांवर आणूच नये, अशी त्यांची समजूत. अधिकाऱ्यांच्या कागदावर असायची ती नावं, ती कागदावरच. आपसात सगळे टोपणनावाचे. कुणी खोटं बोललं नव्हतं की कुणी घुसखोर नव्हता. ज्या माणसासाठी आपण जीव दिला असता त्याचं नाव काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कचेरीनं नेमकं तेवढंच विचारलं होतं. आपल्याशिवाय ताफ्यातलं कुणी उरलेलं नाही अशी दोघांचीही खात्री, म्हणून अनोळखी नाव दिसताच दोघांनीही ते खोटं ठरवलं. फोटोतलं ते टक्कल आणि ते गाल बघून तर त्यांच्या आईनंही ओळखलं नसतं.

मी परत येताना गाडी कशी चालवली ते माझ्या शिकाऊंनी न बघितलेलं बरं. वाटेतच थांबून कचेरीतल्या त्या बाईला फोन केला. ती आनंदली, आणि लगेच तिनं माझा आनंद अर्धा करून टाकला. म्हणाली, सुनावणीआधी दोघं भेटता कामा नयेत, बोलता कामा नयेत, नाहीतर साक्ष पढवलेली धरतात. तुम्ही गेलात हेच मुळात चुकलं. आता निदान घरी एक अक्षर बोलू नका.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमची अख्खी आळी जाणते. तरी मी बोलले नाही. सुनावणीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मामंजी समोर आले की मी उठून भांडी घासायला लागायची. नवऱ्याला वाटलं, मला बरं नाही. आणि मामंजी तर सुनावणीलाच यायला तयार होईनात. त्या भामट्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि मी कोण ते सिद्ध करायचं, हे मला जमणार नाही, म्हणाले. मी भांडी घासता घासता म्हटलं, बरं तर, नका येऊ. भामट्याला तोंडावर भामटा म्हणायची संधी आयुष्यात एकदाच येते, तीही सोडा.  त्यांनी सासूबाईंना विचारलं, कोट दिलास का गं कुणाला? सासूबाई म्हणाल्या, "देईन कशी? इस्त्रीला दिलाय."

सुनावणीची खोली अगदी साधी होती. एक लांब टेबल, भिंतीला लागून कपाटं, बाजूला दुसऱ्या खोलीत उघडणारं लाकडी दार. अधिकारी माझ्याहून लहान असावा. त्यानं साक्षीदाराला आधीच त्या आतल्या खोलीत बसवलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. कपाळावर चष्मा चढवलेली ती बाई टंकायला बसली होती. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

अधिकाऱ्यानं सुरुवातच माझ्यापासून केली. साक्षीदार आधी ठामपणे नाही म्हणाला, तुम्ही त्याच्या दुकानात जाऊन आलात आणि तो हो म्हणायला लागला, याचा अर्थ मी काय घ्यायचा? मामंजींनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी कुठं गेले होते हे त्यांना तेव्हाच कळलं. माझे कान तापले. माझ्या उतावळेपणानं मी त्यांचं पदक घालवलं असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, रडू आलं.

मग त्यानं मामंजींना विचारायला सुरुवात केली. ताफ्यात किती गाड्या, कुठला रस्ता, कुठला महिना, याची उत्तरं मामंजींनी धडाधड दिली. पण ती पुस्तकातही मिळाली असती, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्याबरोबरच्या ड्रायव्हरांची नावं सांगा."

"नाही सांगता येणार, साहेब."

"एकाचंही?"

"एकाचंही नाही. आम्हाला ठाऊकच नव्हती."

अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. टंकणाऱ्या बाईचे हात थांबले. मामंजींनीच मग, अगदी खालच्या आवाजात, खऱ्या नावांचा तो नेम सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा ते बाहेरच्या माणसासमोर हे बोलत होते. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं, पण टोपण काढलं नाही. म्हणाला, नावंच नव्हती तर सकाळी निघताना सगळे आहेत की नाही हे कळायचं कसं?

"पुकारा व्हायचा," मामंजी म्हणाले. "पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत. ज्यानं त्यानं आपलं नाव घ्यायचं. पुढचा गेला असेल तर त्याचंही नाव मागच्यानं घ्यायचं. जागा रिकामी सोडायची नाही."

"करून दाखवा."

मामंजी उठले. हे बसून करता येत नाही म्हणाले. कोट खाली ओढला, खिडकीकडे तोंड केलं आणि उभे राहिले. त्यांना इतकं सरळ उभं मी त्या संचलनाच्या सकाळीच काय ते बघितलं होतं. आणि मग त्यांनी हाळी दिली. आमच्या घरात त्या माणसानं कधी आवाज चढवलेला नाही, त्यामुळे मी खुर्चीतच दचकले.

"उद्या."

म्हणजे कुठलंही काम उद्यावर टाकणारा, हे मला नंतर कळलं. मध्ये एका गाडीचं अंतर असावं तेवढा वेळ त्यांनी सोडला.

"जावई. खिळा. गुरुजी. पावशेर."

एकेक नाव ते त्या त्या माणसाच्या ढंगात घेत होते. एक झोपेतल्यासारखं, एक नाकात, एक तोऱ्यात. जावयाच्या वेळी तर टंकणाऱ्या बाईला हसू आलं. ती सगळी माणसं केव्हाच गेली होती, कुणी लढाईत, कुणी आपापल्या घरी म्हातारी होऊन, पण त्यांच्या मागच्या गाडीवर हा माणूस अजून उभा होता आणि एकही जागा रिकामी सोडत नव्हता. 

"लंगोटी. मास्तर. बिनदुधाचा." मग ते थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "टिचक्या."

हे त्यांचं स्वतःचं. त्यांच्यामागे एकच गाडी असायची, ताफ्यातली शेवटची, पिठाची. मामंजींची नजर खिडकीबाहेर होती. मला वाटतं, तेही नाव आता आपल्यालाच घ्यायचं की काय या विचारात ते होते, कारण मेलेल्याचं नाव मागच्यानं घ्यायचं असतं, आणि याच्या मागं तर कुणीच नव्हतं.

"भोंगा."

तो आवाज बंद दारापलीकडून आला. कपाटांच्या काचा थरथरल्या. शेवटच्या गाडीतून पहिल्या गाडीपर्यंत जायला हवा तेवढा आवाज होता तो, आणि मधल्या एवढ्या वर्षांत त्यातलं पैभरही कमी झालं नव्हतं.

मामंजींनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली.  अधिकाऱ्यानं स्वतः उठून दार उघडलं. तो आडदांड म्हातारा उंबऱ्यात उभा होता आणि त्याचे डोळे वाहत होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मिठ्या वगैरे काही नाही. 

भोंगा म्हणाला, "मी थांबलो नाही रे. तू खाली गेलास आणि मी बाजूनं गाडी काढली."

"थांबायचं नाही असाच हुकूम होता."

"लढाई संपेपर्यंत रोज सकाळी तुझं नाव मी घेतलं."

मामंजींनी मान डोलावली. मग विचारलं, "तुझं पीठ पोचलं का त्या दिवशी?"

"पोचलं."

"मग झालं तर," मामंजी म्हणाले, आणि मग मात्र त्यांनी पुढं होऊन त्याचा हात धरला तो सोडला नाही.

अधिकाऱ्याला नियमानं एक प्रश्न विचारावा लागला, तो त्यानं उभ्यानंच विचारला. आपण आधी लिहून दिलं होतं की या नावाच्या माणसाला ओळखत नाही, त्याचं काय करायचं? भोंगा म्हणाला, "त्या नावाच्या माणसाला मी आजही ओळखत नाही, साहेब. ह्याला ओळखतो." बाईनं ते शब्द जसेच्या तसे टंकले. अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं.

पदकं संचलनाच्या थोडी आधी आली, पुठ्ठ्याच्या एका साध्या खोक्यात, तीन. रिबिनी इतक्या कोऱ्या होत्या की लहान मुलाच्या वाटाव्यात. सासूबाईंनी ती हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, एवढीशी तर आहेत. मामंजींनी ती लावली मात्र नाहीत. स्वतःची स्वतः लावायची नसतात, असं म्हणून त्यांनी खोकं बंद करून ठेवलं. संचलनाच्या सकाळी भोंगा आपली पदकं छातीवर घेऊन आमच्या घरी आला. तोही कित्येक वर्षांत संचलनाला गेला नव्हता, आपल्या ताफ्यातला कुणीच नसताना एकट्यानं काय चालायचं म्हणून. त्यानं चहाच्या आधी मामंजींना दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं आणि त्यांच्या कोटावर एकेक पदक लावलं. बुटांच्या नाड्या बांधून बांधून त्याची बोटं तयार होती, तरी शेवटची पिन मामंजींना टोचली. मामंजी हलले नाहीत. माझा नवरा, ज्याला हे सगळे नसते उद्योग वाटत होते, तो कोपऱ्यात उभा राहून नाक शिंकरत होता. मी त्याला काही बोलले नाही, यातच काय ते समजा.

आम्ही तिघं नातेवाइकांच्या जागेत बसलो. वाहतूक दलाचा फलक वळणावर दिसला तेव्हा मी खुर्चीवर चढले. सगळ्यात पुढं तरुण माणसं होती, मग मधल्या वयाची, आणि अगदी मागं, थोडं अंतर सोडून, दोघंच. मामंजी पुढं आणि त्यांच्या बरोबर मागं भोंगा. शेजारी शेजारी चालले असते तर गप्पा मारता आल्या असत्या, पण ताफा शेजारी शेजारी जात नाही. घरात ज्यांच्या चपलांच्या फरफटीवरून ते कुठल्या खोलीत आहेत हे कळतं, त्यांचे पाय एका तालात पडत होते. हात खांद्यापर्यंत जात होते. ऊन पदकांवर होतं, आणि माझ्या शेजारची अनोळखी माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती.

ते आमच्यासमोर आले. माझा नवरा आयुष्यात रस्त्यावर ओरडलेला नाही, तो "बाबा" म्हणून ओरडला. मी ओरडले. माझा आवाज लहान नाही, चालत्या गाडीत काचा बंद असल्या तरी तो बाहेर जातो. मामंजींनी मान वळवली नाही. पापणीसुद्धा हलली नाही. नजर समोर, हनुवटी वर, आणि ते तसेच आमच्यासमोरून निघून गेले, जणू आम्ही त्यांचे कुणीच नव्हतो. इतकं सुख मला कशानं झालेलं आठवत नाही.

"आपल्याकडे बघितलं नाही ना?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही, आई."

"बघायचे नाहीतच. ड्युटीवर आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. मग पदर सावरून उभ्या राहिल्या, आणि ते दोघं रस्त्याच्या टोकाला दिसेनासे होईपर्यंत खाली बसल्या नाहीत.